जुनी भिंत, नवी भिंत: तेरच्या मंडपापासून आजीच्या खोलीपर्यंत

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हा त्याचा लेखी अवतार. बोलताना जिथे मी अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज लढाया नाहीत, राजे नाहीत, तह नाहीत. आजचा विषय आहे भिंत. त्यातही अख्खी भिंत नाही, तर जुनी भिंत आणि नवी भिंत जिथे एकमेकींना भेटतात ती जागा. तुम्ही म्हणाल, याला इतिहास कसला? थोडं थांबा. आपल्या धाराशिव जिल्ह्यात या एका सांध्यापायी माणसं गेली आहेत आणि याच सांध्यामुळे माणसं वाचलीही आहेत. त्यातली काही माझ्या घरची आहेत.

झालं असं की गेल्या दिवाळीत मी पुण्याहून गावी गेलो होतो. आमचं गाव लोहारा तालुक्यात. घर जुनं, दगड-मातीचं, वर माळवद. काकांनी ठरवलं होतं की मागच्या भिंतीला लागून आजीसाठी विटांची एक खोली काढायची, आतच संडास-बाथरूम. आजीचं वय झालंय, रात्री अंगण ओलांडून जाणं तिला जमत नाही. वीट आली, वाळू आली, गवंडी आले. गवंड्यांनी भिंत बघितली, छन्नी-हातोडा काढला आणि म्हणाले, "हितं दात काढू, म्हंजे नवी भिंत जुनीत बसंल. एकजीव हुईल."

आणि आजी ओट्यावरून ओरडली, "त्या ठिपक्याला हात लावायचा न्हाई!"

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. कसले ठिपके? मग नीट बघितलं. दगडी भिंतीवर अधूनमधून सिमेंटचे वीतभर रुंद गोल दिसत होते. मी लहानपणापासून ते बघतोय. मला वाटायचं, कुणीतरी भोकं बुजवली असतील. मी बीटेक आहे, पण कॉम्प्युटरचा. भिंतीतलं मला शून्य कळतं, हे त्या दिवशी कळलं. पुढचे दोन महिने मी वाचत बसलो, सिव्हिलच्या मित्राचं डोकं खाल्लं, तेरला जाऊन आलो. त्यातून हा एपिसोड तयार झालाय.

तेर: जिल्ह्यातला सगळ्यात जुना जोड

सुरुवात तेरपासून करू. धाराशिव शहरापासून जवळ, तेरणा नदीच्या काठी. संत गोरा कुंभारांचं गाव. पण गोरोबाकाकांच्या कितीतरी आधी हे मोठं व्यापारी शहर होतं. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारं पुस्तक लिहिलं, पेरिप्लस. त्यात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे असं म्हटलंय. हे तगर म्हणजेच तेर, हे 1901 मध्ये फ्लीट या अभ्यासकाने मांडलं. त्यानंतर लगेच पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने तेरवर सविस्तर लिहिलं, ते खात्याच्या 1902-03 च्या अहवालात आलं.

कझिन्सचं लक्ष ज्या इमारतीने वेधलं ते त्रिविक्रमाचं मंदिर. ही वास्तू विटांची आहे. आपल्याकडे जुनं देऊळ म्हटलं की काळा दगड डोळ्यांसमोर येतो, म्हणून विटांचं इतकं जुनं देऊळ बघताना आधी चुकल्यासारखंच वाटतं. मागचा भाग अर्धगोल, त्याच्यावर हत्तीच्या पाठीसारखं गोलसर छप्पर. कार्ला किंवा भाजे इथल्या चैत्यगृहाचा आतला आकार आठवा, आणि तोच डोंगरात न कोरता जमिनीवर विटांनी बांधलाय असं समजा. कझिन्सचं मत असं की हे मूळचं बौद्ध चैत्यगृह आणि नंतर तिथे त्रिविक्रम आला. काही अभ्यासकांना हे पटत नाही, ते म्हणतात की ते पहिल्यापासून हिंदू मंदिरच असावं. बौद्ध की हिंदू हा वाद आज बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे: या जुन्या भागाच्या समोर नंतर कधीतरी एक मंडप जोडला गेला. सपाट छताचा, चौकोनी.

म्हणजे हा जुन्याला नवं जोडलेला नमुना. आणि तो फार हुशारीने जोडलाय. मंडपाचं छत मागच्या छपरात घुसत नाही. ते खालीच थांबतं. त्यामुळे मंडपाच्या सपाट छतावरून मागच्या जुन्या भागाचं कमानीचं तोंड अजून वर डोकावताना दिसतं. खालून उभं राहून बघितलं तर कुठलं काम आधीचं आणि कुठलं नंतरचं हे शेंबडं पोरही सांगेल. नव्याने जुन्याचं वजन घेतलं नाही आणि आपलं वजनही जुन्यावर टाकलं नाही. शेकडो वर्षं झाली, दोन्ही उभे आहेत. हे बांधणाऱ्याने कशाचा विचार करून केलं ते आपल्याला माहीत नाही. पण केलेलं समोर आहे.

तेरच्या विटाही गंमतीशीर आहेत. आजच्या नऊ इंची विटेपेक्षा कितीतरी मोठ्या. शिवाय तेरच्या काही विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात, असं तिथे कुणीही सांगतं. मातीत भाताचं तूस मिसळलं की भट्टीत ते जळून जातं आणि विटेत बारीक पोकळ्या राहतात, म्हणून वीट हलकी होते. हलकी वीट म्हणजे छपराचं वजन कमी, आणि वजन कमी म्हणजे भिंतींवरचा ताण कमी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि गोरोबाकाकांची ती गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाई विचारते हे थापटणं कशासाठी, आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटण्याने मारून कुणाचं मडकं कच्चं ते सांगतात. नामदेव कच्चे ठरतात. मला ही गोष्ट या दोन महिन्यांत वेगळीच कळली. गवंडी वीट घेतात, दुसऱ्या विटेवर आपटतात आणि आवाज ऐकतात. खणखणीत वाजली तर पक्की. बद्द वाजली तर बाजूला. आमच्या भागात ही परीक्षा अजून रोज होते.

एका भिंतीत लपलेल्या दोन भिंती

आता तेरणेच्या काठाकाठाने खाली येऊ. तेरवरून नदी पुढे येते, माकणीला तिच्यावर धरण आहे, आणि ती पुढे सास्तूर-किल्लारीच्या परिसरात जाते. सास्तूर आपल्या जिल्ह्यात, किल्लारी लातूरमध्ये. पण 1982 पर्यंत लातूर हा वेगळा जिल्हा नव्हताच, सगळं उस्मानाबादच होतं. त्यामुळे घरं बांधायची पद्धतही एकच.

ती पद्धत अशी. जमिनीत काळा दगड भरपूर, माती फुकट. चुना महाग, सिमेंट तर नव्हतंच. मग दोन-अडीच फूट जाड भिंत घालायची, काही वाड्यांत त्याहूनही जाड. बाहेरच्या अंगाला दगडाचा एक पदर, आतल्या अंगाला दुसरा पदर, आणि मध्ये बारीक दगड, कपच्या आणि माती. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात 42 डिग्रीला आत गार वाटतं. मी स्वतः अनुभवलंय, एसी नको म्हणाल.

पण या भिंतीत एक गोम आहे. ती एक भिंत दिसते, असतात मात्र दोन. बाहेरचा पदर आणि आतला पदर एकमेकांना बांधलेले नसतील तर त्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन बारीक, उंच भिंती असतात. दोन्हींना एकत्र धरायचं काम करतो तो लांब दगड, जो या पदरातून त्या पदरापर्यंत आरपार जातो. इंजिनियर त्याला थ्रू स्टोन म्हणतात. जुन्या चांगल्या वाड्यांत असे दगड सापडतात. पण लांब दगड शोधणं, घडवणं, उचलणं हे खर्चाचं काम. साध्या घरांत तो गाळला गेला. भिंत उभी राहायला त्याची गरज वाटत नव्हती. रोजच्या दिवसाला खरंच नव्हती.

वरचं माळवद गळायला लागलं की काय करायचं? पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा अजून एक थर. दरवर्षी थोडा. आजोबांनी टाकला, पणजोबांनी टाकला. आता मी इंजिनियर आहे तर आकडेमोड करू द्या. चार मीटर बाय तीन मीटरची खोली, वर दीड फूट म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर माती. घनफळ झालं साधारण साडेपाच घनमीटर. मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर. म्हणजे आठ ते नऊ टन. एका भरलेल्या ट्रकमधला माल आपल्या डोक्यावर ठेवून आपण खाली झोपतो. तेरच्या हलक्या विटा आठवल्या का?

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती, गाढ झोपली होती. आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता 6.2 ते 6.4, मोजणारी संस्था कोणती त्यावर आकडा थोडा बदलतो. जगाच्या हिशोबात हा प्रचंड भूकंप नव्हे. पण केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं आणि वर ही घरं होती. सरकारी आकड्याप्रमाणे जवळपास 8 हजार माणसं गेली, काही अंदाज 10 हजारांच्या जवळ जातात. 52 गावं अशी उद्ध्वस्त झाली की ती नव्या जागी वसवावी लागली.

दख्खनचं पठार म्हणजे कातळ, इथे भूकंप होत नाही अशी समजूत होती. नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. 1992 मध्ये किल्लारी भागात लहान धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते. पण घरं तीच राहिली.

त्या पहाटे काय झालं ते भिंतीच्या भाषेत सांगतो. जमीन आडवी हलली. भिंतीचे दोन पदर वेगवेगळे हलले, मधली माती खाली बसत गेली आणि तिने पाचर ठोकल्यासारखे दोन्ही पदर फाकवले. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या, तिथे त्या उभ्या फाटल्या. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला आणि भोवतीच्या भिंतींचे दगड माणसांवर आले. बाकी ठिकाणी दगड आणि माळवद दोन्ही.

आमचं गाव त्या 52 मधलं नाही. आमच्याकडे नुकसान कमी झालं. पण आमच्या घराच्या मागच्या भिंतीचा बाहेरचा पदर त्या पहाटे वरपासून खालपर्यंत ढासळला. आतला पदर उभा राहिला. त्या आतल्या पदराला लागून माझे वडील झोपले होते. चौदा वर्षांचे होते. आतला पदर आत पडला असता तर आज हा पॉडकास्ट करायला मी नसतो.

तेव्हापासून आजी त्या खोलीत झोपलेली नाही. दिवसा वावरते, देवाला दिवा लावते, धान्य ठेवते. पण झोपायला पत्र्याच्या पडवीत. मे महिना असो की डिसेंबर. लहानपणी मला वाटायचं आजीला मोकळी हवा आवडते.

ठिपक्यांची गोष्ट

भूकंपानंतर राज्य सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. बातम्यांत आणि फोटोंत दिसतात ती नवी वसवलेली गावं. पण त्याहून कितीतरी मोठं काम होतं जी घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती, त्यांचं. लातूर, उस्मानाबाद आणि शेजारच्या जिल्ह्यांत मिळून सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीचा हा कार्यक्रम होता. पैसे घरमालकाच्या हातात टप्प्याटप्प्याने आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचं.

दगडी भिंत न पाडता पक्की कशी करायची? एक उपाय असा. भिंतीतून हलक्या हाताने दगड काढत आरपार भोक पाडायचं. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. झाला थ्रू स्टोन, जो पणजोबांनी गाळला होता. भिंतीवरून थोड्या थोड्या अंतराने असे ठोकळे घालत जायचे. दोन्ही पदर शिवल्यासारखे होतात. शिवाय वर भिंतीला सगळीकडून बांधणारा काँक्रीटचा पट्टा, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू, आणि माळवदावरची जास्तीची माती उतरवायची.

आमच्या भिंतीवरचे ते सिमेंटचे गोल म्हणजे या ठोकळ्यांची तोंडं. ढासळलेला बाहेरचा पदर 1995 मध्ये पुन्हा रचला आणि उभ्या राहिलेल्या आतल्या पदराला असा शिवला. म्हणजे ज्या भिंतीला आम्ही सगळे 'जुनी' म्हणत होतो तीच मुळात अर्धी जुनी आणि अर्धी नवी होती. आणि गवंडी नेमकी तिथेच छन्नी लावणार होते.

आजीला हे सगळं कसं माहीत? कारण तेव्हा गावोगावी महिला मंडळांना या कामात घेतलं होतं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने बायका संवाद सहाय्यक झाल्या होत्या. सरकारची योजना काय, पैसे कधी मिळतात, पट्टा म्हणजे काय, हे त्या घरोघरी सांगायच्या. आजी त्या बैठकांना जायची. "आम्हाला चित्रं दाखवायचे," ती म्हणाली. "हे असं बांधलं तर पडतंय, हे असं बांधलं तर ऱ्हातंय. मी ठिपके मोजून घेतले व्हते. एक कमी भरला तर मिस्त्रीला परत चढवलं."

मी हे ऐकून गप्प बसलो. इतकी वर्षं माझ्या घरात हा सगळा इतिहास बसून होता आणि मी कधी विचारलं नव्हतं.

आता या कार्यक्रमातली एक बाजू जी आजच्या विषयाला थेट भिडते. मदतीचे पैसे जुनं घर मजबूत करायला वापरायचे किंवा नवी छोटी पक्की खोली बांधायची, अशी मुभा होती. आणि अनेकांनी नवी खोली बांधली. विटांची, सिमेंटची. का? दगडाची भीती बसली होती. ज्याच्या अंगावर घर पडलंय त्याला 'दोष दगडाचा नव्हता, सांध्याचा होता' हे सांगून पटत नाही. आणि पटावं अशी अपेक्षाही करू नये. त्यामुळे आज या दोन जिल्ह्यांत फिरलात तर हे चित्र सारखं दिसेल: मागे दगडी माळवदाचं घर, त्याला चिकटून विटांची खोली. प्रश्न असा की चिकटलीय ती कशी?

एकजीव म्हणजे काय

गवंडी 'एकजीव' म्हणाले. ऐकायला छान वाटतं. पण माझ्या सिव्हिलवाल्या मित्राने मला तीन प्रश्न विचारले.

पहिला, पाया. जुनं घर शंभर वर्षांत जेवढं खचायचं तेवढं खचलंय. नवी खोली आता खचायला सुरुवात करणार. वर आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एक बाजू स्थिर, दुसरी खाली चाललेली. मग सांधा फाटणार नाही तर काय?

दुसरा, स्वभाव. दगड-मातीची भिंत मऊ आणि जड. सिमेंटमधली विटांची भिंत कडक आणि त्या मानाने हलकी. जमीन हलली की दोघींची डुलण्याची गती वेगळी. अर्धवट जोडलेल्या असतील तर त्या एकमेकींना ओढतील, नाहीतर बडवतील.

तिसरा, दात काढणार कशात? विटेच्या जुन्या भिंतीला विटेची नवी भिंत जोडायची असेल तर टूथिंग चालतं. थर जुळवून एक आड एक जागा खोदायच्या आणि त्यात नव्या विटा बसवायच्या. नव्या बांधकामात तर भारतीय मानक आयएस 4326 सांगतं की दोन भिंतींचा कोपरा पायऱ्या ठेवत एकत्र उचला, किंवा साधारण 45 सेंटिमीटरच्या टप्प्यांनी दोन्हीकडे आळीपाळीने दात ठेवा. पण ओबडधोबड दगडाच्या भिंतीला थरच नसतात. तिथे छन्नीने दात पाडणं म्हणजे मातीत बसलेले दगड हलवणं. नवी भिंत धरायला जाल आणि जुनी सुटेल.

थोडक्यात नियम काय? एकतर पूर्ण जोडा, नाहीतर पूर्ण वेगळं ठेवा. मधलं अर्धवट सगळ्यात वाईट. सारखाच माल, सारखा पाया असेल तर दात, सळया, वर एकच अखंड पट्टा, आणि खरंच एकजीव करा. परदेशात अशा जोडकामासाठी स्टीलची उभी पट्टी जुन्या भिंतीला बोल्टने बसवतात आणि नव्या विटांच्या थरांतले टाय तिच्यात अडकवतात. बाहेर सुटू देत नाही, पण वरखाली किंचित सरकू देते. आणि माल वेगळा, पाया वेगळा, वजन वेगळं असेल तर मध्ये फट ठेवा. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर पंधरा वर्षं जुन्या कोडच्या पोटात हात घालून नवं फीचर घुसवू नका. वेगळं चालवा आणि दोघांना बोलायला एक दार ठेवा.

याचा नमुना आमच्याच घरात होता. 2005 च्या आसपास याच घराला बाजूला विटांची मोरी काढली होती. तीन भिंती नव्या, चौथी जुनी फुकटची. ना दात, ना फट, नुसतं सिमेंटने चिकटवलेलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर सांध्यात वरपासून खालपर्यंत उभी भेग. दरवर्षी काका ती सिमेंटने भरतात, दरवर्षी ती परत येते. वीस वर्षं आम्ही त्या भेगेला शिव्या घातल्या. भेग बिचारी खरं तेच सांगत होती.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. इस्तंबूलची आया सोफिया घ्या. 537 मध्ये पूर्ण झाली, विटांची. 558 मध्ये घुमट कोसळला, नवा बांधला. 989 च्या भूकंपात पश्चिमेचा भाग पडला, तो त्रदात नावाच्या आर्मेनियन वास्तुविदाने बांधला. 1346 मध्ये पूर्वेचा भाग पडला, तोही परत बांधला. म्हणजे आज डोक्यावर दिसणारा एक घुमट तीन वेगवेगळ्या काळांत बांधलेल्या तुकड्यांचा आहे. जगातली सगळ्यात नावाजलेली वास्तूसुद्धा जोडकामच आहे. फक्त जोडणाऱ्याला आपण काय जोडतोय याचं भान होतं.

आणि आपल्याकडे भान कधी आलं? भूकंपाच्याच वर्षी, 1993 मध्ये, कमी ताकदीच्या बांधकामासाठी आयएस 13828 आणि दुरुस्ती-मजबुतीसाठी आयएस 13935 ही मानकं निघाली. पहिल्यात दगडी भिंतीत आरपार दगड किती अंतरावर हवेत तेही आहे: उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त 1.2 मीटरवर. 2002 मध्ये भूकंपाचा नकाशा बदलला, पहिला झोन रद्दच झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या झोनमध्ये गेला. कागदावर सगळं आलं. गवंड्यापर्यंत किती आलं ते आमच्या अंगणात दिसलंच. यात त्या गवंड्यांना मी दोष देत नाही. 1995 मध्ये ज्यांना शिकवलं ते आता थकले, आणि नव्यांना कुणी ती चित्रं दाखवली नाहीत.

आजीची खोली

तर शेवटी आम्ही काय केलं? मोठी भांडणं झाली, खोटं कशाला सांगू. काकांचं म्हणणं, वेगळी चौथी भिंत घालायची म्हणजे विटांचा, मजुरीचा खर्च वाढला. बरोबरच होतं. मित्राचं म्हणणं, अगदी लांब, अंगणाच्या पलीकडे बांधा, प्रश्नच मिटला. पण मग आजीने पावसात अंगण ओलांडायचं का? खोली काढायचं कारणच ते होतं.

आजीने मधला रस्ता काढला. जुन्या खोलीला मागे एक दार आधीपासून आहे, कडबा आत आणायचं. "त्या दारासमोर नवं दार ठेवा. भिंत भिंतीला लावू नका. मधी मी पाय टाकून जाईन की."

तसंच केलं. नव्या खोलीला तिचा स्वतःचा पाया, काळी माती काढून खाली मुरमापर्यंत. तिच्या स्वतःच्या चार भिंती. खाली, दारावर आणि छताखाली असे काँक्रीटचे अखंड पट्टे. कोपऱ्यांत उभ्या सळया. जुन्या भिंतीत आणि नव्या भिंतीत दोन इंचांची फट, आणि काम करताना तिच्यात माल पडू नये म्हणून थर्माकोल उभं धरून बांधकाम, नंतर ते काढून टाकलं. पाणी आत जाऊ नये म्हणून वर पत्र्याची पट्टी, ती एकाच भिंतीला ठोकलेली, दुसरीवर नुसती टेकलेली. दोन दारांमध्ये उंबऱ्यासारखी एक फरशी, तीही एकाच बाजूला पक्की. ठिपक्यांना कुणी हात लावला नाही. जास्तीचा खर्च मी आणि चुलत भावाने वाटून घेतला.

खोली संक्रांतीच्या आधी पूर्ण झाली. त्या रात्री आजीने अंथरूण आत टाकलं. मी फोन करून विचारलं, झोप लागली का? म्हणाली, "लागली. पण पहाटे चारला जाग आली. थोडा येळ बसले. मग परत झोपले."

तीस वर्षांहून जास्त काळ ती पत्र्याखाली झोपली. भिंतीची भेग दोन महिन्यांत समजली मला. हे समजायला त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मंडळी, तुमचं घर किल्लारी-सास्तूरकडचं असो, नाहीतर कोकणातलं, नाहीतर पुण्यातला आजोबांचा जुना वाडा असो, एक काम करा. घरी गेलात की जुन्या-नव्याचा सांधा शोधा. भेग आहे का, सरळ उभी आहे का, दरवर्षी रुंद होतेय का, भिंतीला पोट आलंय का ते बघा. आलं असेल तर लिंपून टाकू नका, जाणकार इंजिनियरला दाखवा. आणि भिंतीवर काही विचित्र ठिपके दिसले तर छन्नी उचलायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. विचारायला उशीर करू नका एवढंच.

तुमच्या घरातल्या भिंतीची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि तेरला जरूर जा. त्रिविक्रमाच्या मंडपासमोर उभे राहा, मान वर करा, मागचं ते जुनं कमानीचं तोंड बघा. येताना गोरोबाकाकांच्या समाधीला हात जोडून या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या. राम राम.